तीन पत्ती येते, पोकर येत नाही... सुरुवात कुठून करू?

फुलपात्र
नमस्कार लोकहो. यंदा ऑस्टिनला आलोय, टेक्सासमधे. माझ्या टीममधे दर महिन्याला कोणाच्या तरी घरी पोकर असतं, प्रत्येकी वीस डॉलर, खाणं ज्याने त्याने काहीतरी करून आणायचं. आत्तापर्यंत काहीबाही कारणं सांगून टाळलं पण आता मॅनेजरनेच विचारलंय येणार ना म्हणून. पत्ते मला नवीन नाहीत हो, मेंढीकोट, तीनशेचार, चॅलेंज, बदामसात सगळं झालंय आणि दिवाळीत आजोळी तीन पत्तीही भरपूर खेळलेय. पण पोकरचा कुठलाही व्हिडिओ लावला की बटन, कटऑफ, फ्लॉप, टर्न, रिव्हर, थ्री-बेट असा मारा सुरू होतो, समोरचा माणूस भराभर बोलत सुटतो आणि मी नुसती पत्त्यांकडे बघत बसते.
तर प्रश्न असा की तीन पत्ती येणाऱ्या माणसाला यातलं किती आधीच येत असतं आणि किती विसरावं लागतं? जिंकायची घाई नाही, पण टेबलावर दर वेळी शेजारच्याला "आता मी काय करू" विचारायला लागू नये इतपत तरी यावं.

झब्बू_सम्राट
पहिला नियम, जिंकलीस तर पुढच्या वेळी बोलवत नाहीत आणि हरलीस तर कायमचं बोलवतात :D
बाकी जाणकार येतीलच, मी रुमाल टाकून ठेवतो.

किलवरची_राणी
फुलपात्र, तुमच्या मित्रमंडळींचं पोकर म्हणजे जवळपास नक्की टेक्सास होल्डेम असणार, आणि तू तर त्याच्या माहेरीच आहेस. टेक्सासच्या विधिमंडळाने २००७ साली रॉब्सटाउन नावाचं गाव या खेळाचं जन्मस्थान म्हणून अधिकृत मान्य केलंय. असो.
खेळ असा. ५२ पत्ते, जोकर नाही. प्रत्येकाला दोन पत्ते पालथे, ते फक्त आपण बघायचे. मग टेबलाच्या मधे टप्प्याटप्प्याने पाच पत्ते उघडे पडतात, आधी एकदम तीन (फ्लॉप), मग एक (टर्न), मग शेवटचा एक (रिव्हर), आणि हे पाच सगळ्यांचे सामायिक. तुझे दोन अधिक मधले पाच असे सात झाले, त्यातले सगळ्यात चांगले पाच म्हणजे तुझा हात. आपले दोन्ही वापर, एक वापर, एकही वापरू नको, चालतं.
पैसे लावायच्या फेऱ्या चार. दोन पत्ते हातात आल्यावर एक, फ्लॉपनंतर एक, टर्ननंतर एक, रिव्हरनंतर शेवटची. त्यानंतर जे कोण उरलेत त्यांनी पत्ते दाखवायचे. मधेच बाकी सगळे पॅक झाले (पत्ते टाकून बाहेर पडले) तर जो उरला त्याचा पॉट (मधे जमलेले सगळे पैसे), आणि त्याने पत्ते दाखवायची गरज नाही.
आता तीन पत्तीवाल्यांचा गोंधळ होतो त्या जागा सांगते.
तिथे बूट (सुरुवातीचे सक्तीचे पैसे) सगळे टाकतात. इथे सक्तीचे पैसे फक्त दोघांनी टाकायचे, 'डीलर' लिहिलेली चकती म्हणजे बटन ज्याच्या समोर आहे त्याच्या डावीकडचा पहिला स्मॉल ब्लाइंड आणि दुसरा बिग ब्लाइंड. पत्ते न बघता खेळण्याशी याचा काही संबंध नाही, बघून खेळलीस तरी ब्लाइंड भरावाच लागतो. दर डावाला चकती एक घर पुढे सरकते म्हणजे पाळी सगळ्यांवर येते. वीस डॉलरच्या खेळात बहुतेक १० सेंट आणि २० सेंट असे ब्लाइंड असतील.
दुसरं, तीन पत्तीत चाल फिरतच राहते, एकमेकांवर चढवत रात्र काढता येते. इथे तसं नाही. सगळ्यांनी सारखे पैसे टाकले की ती फेरी तिथे बंद, पुढचा पत्ता उघडायचा. आणि कोणीच काही लावलं नसेल तर फुकटात पुढे जाता येतं, त्याला चेक म्हणतात. ही सोय तीन पत्तीत नाहीच, त्यामुळे नवीन माणूस हमखास फुकट असताना पॅक करतो. तुझ्यापर्यंत कोणी पैसे लावले नसतील तर पॅक करू नकोस, चेक म्हण, किंवा टेबलावर दोनदा टकटक कर.
साइड शो वगैरे प्रकार नाहीत.

सांख्यिकी_मावशी
राणीने छान लिहिलंय. हातांचा क्रम मी लिहिते कारण तिथे एक मोठी उलटापालट आहे.
खालून वर: नुसता मोठा पत्ता, पेअर, दोन पेअर, ट्रिप्स (तीन सारखे, आपली ट्रेल), स्ट्रेट (सीक्वेन्स, पण पाचांची), फ्लश (कलर), फुल हाऊस (तीन अधिक दोन), चार सारखे, स्ट्रेट फ्लश. त्याच्या टोकाला दश्शी ते एक्का एकाच रंगात, तो रॉयल फ्लश.
बघा, तीन पत्तीत सीक्वेन्स कलरला मारतो आणि इथे कलर सीक्वेन्सला मारतो. आमच्याकडे दिवाळीला अमेरिकेतला भाचा येतो तेव्हा यावरून दर वर्षी भांडण होतं. पण दोन्ही खेळ आपापल्या जागी बरोबर आहेत. ५२ पत्त्यांतून तीन पत्त्यांचे एकूण २२,१०० हात होतात, त्यात सीक्वेन्स ७२० आणि कलर १,०९६, म्हणजे सीक्वेन्स दुर्मिळ. पाच पत्त्यांचे हात होतात २५,९८,९६०, त्यात स्ट्रेट १०,२०० आणि फ्लश ५,१०८, म्हणजे फ्लश दुर्मिळ. जे दुर्मिळ ते वर, साधा हिशोब.
आणि नियम असाच लावायचा तर तीन पत्तीतली सगळ्यात वरची ट्रेल वर नसायलाच हवी! ट्रेल ५२ प्रकारे येते आणि प्युअर सीक्वेन्स (एकाच रंगाची) ४८च प्रकारे. हे मी घरी बोलून दाखवलं तेव्हा कोणी ऐकून घेतलं नाही, कारण त्या क्षणी माझ्याकडे प्युअर होती आणि दिरांकडे ट्रेल.
अजून एक, होल्डेममधे इस्पिक मोठं किलवर छोटं असलं काही नसतं. हात बरोबरीत आला तर पॉट वाटून घ्यायचा.

नाना_वाईकर
वाचतो आहे. खेळाबद्दल माझे मत काही चांगले नाही हे आधीच सांगतो. आमच्या वेळी पत्ते म्हणजे तीनशेचार, तेही खडूने पाटीवर गुण लिहून. पैसे आले की त्याला खेळ म्हणू नये, जुगार म्हणावे. धर्मराजालाही वाटले होते की आपल्याला सोंगट्या येतात. मुलीला वीस डॉलरने फरक पडणार नाही हे मान्य पण सवयीचे काय?

आगाऊ_कार्टा
नाना, शेअर बाजारात एफ अँड ओ खेळणारे पुतणे आहेत ना तुमचे? :)
कृ.ह.घ्या.

नाना_वाईकर
आहेत. त्यांनाही हेच सांगतो.

मांडवीकाठ
नानांचं पूर्ण चूक नाही हो. मी पणजीत राहतो, संध्याकाळी फिरायला निघालं की मांडवीत ती झगमगणारी कॅसिनोची जहाजं समोर. पण आम्हा गोंयकारांना आत सोडत नाहीत, २०२०पासून स्थानिकांना बंदी आहे. म्हणजे सरकारला पण माहितीय ना नक्की काय आहे ते :) पाहुणे येतात, मला विचारतात पोकर रूम कशी आहे रे, मी सांगतो बाहेरून छान दिसते.
भारतातून हा धागा वाचणाऱ्यांसाठी अजून एक. ऑनलाइन पैसे लावून खेळायचं आता डोक्यातून काढा. २०२५च्या ऑगस्टमधे संसदेने ऑनलाइन गेमिंगचा कायदा केला, २२ ऑगस्टला राष्ट्रपतींची सही झाली, त्यात पैशांचे सगळे ऑनलाइन खेळ बंद, कौशल्याचा असो नाहीतर नशिबाचा. मोठमोठ्या भारतीय पोकर साइटींनी लगेच पैशांची टेबलं उचलली. खेळणाऱ्याला शिक्षा नाही, चालवणाऱ्याला आणि जाहिरात करणाऱ्याला आहे. पण त्यानंतरही कुठलं तरी परदेशी ॲप "चालतं हो" म्हणून कोणी पाठवलं तर त्यात पैसे भरू नका, बुडाले तर विचारायला जायची जागा नाही. खोट्या चिप्सवर शिकायला काही हरकत नाही.

झब्बू_सम्राट
आणि महाराष्ट्रात जुगाराचा कायदा आहे तो १८८७चा. इंग्रज गेले, कायदा राहिला. त्यात निव्वळ कौशल्याच्या खेळांना सूट आहे, पण पोकर कौशल्याचं की नशिबाचं यावर कोर्टांचंच एकमत नाही. गुजरात हायकोर्टाने २०१७ला नशिबाचा खेळ ठरवला, अलाहाबाद हायकोर्ट २०२४ला कौशल्याच्या बाजूने गेलं. आता तुम्ही ठरवा.

ह्यूस्टनचे_अण्णा
फुलपात्र ताई टेक्सासचं मी सांगतो. घरगुती खेळाला इथे त्रास नाही, मुख्य अट अशी की खाजगी जागा हवी आणि ज्याच्या घरी खेळ आहे त्याने पॉटमधून स्वतःचा वाटा काढायचा नाही, जे काय मिळेल ते जिंकून मिळालेलं हवं. म्हणूनच इथले पोकर क्लब पण पॉटला हात लावत नाहीत, मेंबरशिप आणि खुर्चीचे तासाचे पैसे घेतात. त्यातही कायद्याचे वाद आहेतच, पण तुझ्या मॅनेजरच्या दिवाणखान्यात काही प्रश्न नाही. फक्त तिथे गेल्यावर "पिझ्झ्याचे पॉटमधून काढूया" असं कोणी म्हणालं तर पिझ्झ्याचे वेगळे दे, सवय चांगली.

फुलपात्र
बापरे एवढे प्रतिसाद! सगळ्यांचे आभार. नाना, वीस डॉलर गेले तर गेले म्हणून वेगळे काढून ठेवणार आहे, त्याच्यावर एक सेंट नाही, शब्द देते.
काल नवऱ्याला बसवलं, घरात राजमा होता तो चिप्स म्हणून घेतला. आता एक डाव सांगते त्याचा निकाल द्या, घरात अजून वाद चालू आहे. माझ्याकडे दोन पंज्या. त्याच्याकडे एक्का आणि राणी. मधे फ्लॉपला बदामचा राजा, किलवरची नव्वी, इस्पिकची दुर्री. मी खूष, माझी पेअर आहे, त्याच्याकडे काहीच नाही. टर्नला चौकटचा राजा. रिव्हरला बदामची नव्वी. माझं म्हणणं माझ्याकडे तीन पेअर झाल्या, राजे, नव्व्या, पंज्या. तो म्हणतो तो जिंकला. त्याच्या हातातल्या एकाही पत्त्याची जोडी लागली नाहीये!! हे कसं?

किलवरची_राणी
नवरा जिंकला. सॉरी :)
तीन पेअर असा हातच नाही, कारण हात पाचच पत्त्यांचा. तुझे सर्वोत्तम पाच कुठले? दोन राजे, दोन नव्व्या आणि एक पंजी. त्याचे? दोन राजे, दोन नव्व्या आणि एक्का. दोन पेअर दोघांच्या सारख्या, त्या मधूनच आल्यात, मग पाचवा पत्ता बघायचा, त्याला किकर म्हणतात. एक्का विरुद्ध पंजी. तुझी दुसरी पंजी वाया गेली.
हा डाव उलट बरा झाला, कारण यात छोट्या पेअरचं दुखणं दिसतं. फ्लॉपवर तू खरंच पुढे होतीस, मग दोन पत्ते असे पडले की तुझ्या हातातलं काही न बदलता तुझा हात निकामी झाला. म्हणून तिथे फ्लॉपलाच पैसे लावायचे, त्याला फुकटात पुढचे पत्ते बघू द्यायचे नाहीत. तू चेक केलंस ना दोन्ही वेळा?

फुलपात्र
केलं. घाबरून. तुम्हाला कसं कळलं?

किलवरची_राणी
सगळे तेच करतात गं.
आता मुख्य गोष्ट, कुठले पत्ते खेळायचे. दोन पत्त्यांच्या एकूण १,३२६ जोड्या होतात आणि त्यातल्या बहुसंख्य टाकायच्या असतात. पूर्ण भरलेल्या टेबलावर चांगला सावध खेळाडू पाचातले साधारण चार हात पहिल्याच फेरीत फेकतो, एक पैसाही न घालता (ब्लाइंडची पाळी सोडून). तीन पत्तीची सवय इथे आड येते. तिथे आपल्याला "बघू तरी" करायची सवय असते, बूट आधीच टाकलेला असतो आणि पत्ते न बघता अर्ध्या पैशात राहता येतं. इथे "बघू तरी" फार महागात जातं, कारण पुढे अजून तीन फेऱ्या आहेत आणि दर फेरीला रक्कम वाढत जाते. सगळ्यात जास्त पैसे खाणारे हात कुठले माहितेय? दुर्री-सत्ती नाही, ती सगळेच टाकतात. एक्का-चौकी, राजा-नव्वी, राणी-दश्शी असले दिसायला बरे, वेगवेगळ्या रंगांचे हात. एक्का लागतो, आपण खूष होतो, आणि समोर एक्का-राजा निघतो. मगाशी किकर म्हणजे काय ते कळलंच आहे.
दुसरी गोष्ट बसायची जागा. फ्लॉपनंतर प्रत्येक फेरीत बटन शेवटी बोलतं. म्हणजे बाकी सगळ्यांनी काय केलं ते बघून ठरवायचं, हा केवढा फायदा आहे! म्हणून बटनवर आणि त्याच्या उजवीकडे (तेच ते कटऑफ) असशील तेव्हा जास्त हात खेळ, कुठलीही पेअर, एक्का आणि त्याच्याच रंगाचा कुठलाही पत्ता, राजा-गुलाम, गुलाम-दश्शी एका रंगात वगैरे. आणि बिग ब्लाइंडच्या लगेच पुढे असशील, म्हणजे सगळ्यात आधी बोलायचंय, तेव्हा मोठ्या पेअर, एक्का-राजा, एक्का-राणी एवढ्यावरच थांब. तोच एक्का-दश्शी बटनवर चांगला आणि पहिल्या खुर्चीत टाकाऊ. हे पटायला वेळ लागतो.
आणि खेळायचंच तर रेज करून (रक्कम वाढवून) ये, बिग ब्लाइंडच्या अडीच-तीन पट. नुसता कॉल करत (लावलंय तेवढंच भरत) आत शिरलं की पाच जण मागोमाग शिरतात आणि मग एक्क्यांची पेअर सुद्धा रडवते.

सांख्यिकी_मावशी
राणीच्या शेवटच्या वाक्याला आकडे जोडते. दोन एक्के समोर एकच माणूस असेल आणि त्याच्याकडे काहीही पत्ते असतील तर साधारण ८५ टक्के वेळा जिंकतात. तेच नऊ जणांविरुद्ध शेवटपर्यंत गेले तर ३१ टक्क्यांच्या आसपास.
आणि एक्क्यांची वाट बघत बसू नका, दर २२१ हातांत सरासरी एकदा येतात. घरगुती खेळात एका रात्रीत तेवढे हात होणारच नाहीत. कुठलीही पेअर साधारण सतरा हातांत एकदा. आणि छोटी पेअर घेऊन तिसरा पत्ता फ्लॉपला लागेल या आशेने बसलात तर आठ-साडेआठ वेळांत एकदाच लागतो, म्हणून स्वस्तात बघायला मिळत असेल तरच.
अजून एक गंमत, सात पत्त्यांतून पाच निवडायचे असल्यामुळे नुसता मोठा पत्ता घेऊन शेवटपर्यंत जाणं पेअरपेक्षा दुर्मिळ आहे, १७ टक्केच. म्हणजे समोरच्याने सगळे पाच पत्ते बघितलेत तर त्याच्याकडे किमान पेअर असणार असंच धरा. तीन पत्तीत एक्का हाय घेऊन आपण ऐटीत शो मागतो, ते इथे विसरा.

आगाऊ_कार्टा
सगळं ठीक आहे पण ब्लफ कधी मारायचा ते सांगा ना, त्याशिवाय पोकर म्हणजे गणिताचा तास झाला. काळा चष्मा, हुडी, चेहऱ्यावर सुरकुती नाही...

ह्यूस्टनचे_अण्णा
घरगुती खेळात चष्मा लावून बसलास तर लोक हसतील रे बाबा.
ब्लफबद्दल माझं मत, नवीन माणसाने पहिले काही महिने जवळपास मारूच नये. कारण गणिताचंच घे. पॉटइतकीच रक्कम लावून ब्लफ केला तर तो निम्म्या वेळा तरी चालला पाहिजे, तेव्हा कुठे फिट्टंफाट. अर्धा पॉट लावला तर तीनातून एकदा. आता वीस डॉलरच्या घरगुती टेबलावर, जिथे लोक बिअर पीत गप्पा मारायला आलेत, तिथे निम्म्या वेळा पॅक करणारा माणूस कुठून आणणार? तिथला प्रत्येक जण "दाखव बघू काय आहे" म्हणूनच आलेला असतो. तिथे पैसे एकाच मार्गाने मिळतात, चांगला हात आला की न लाजता मोठी रक्कम लावायची.
चॅलेंज खेळलेल्यांना एक गोष्ट मात्र आधीच येते. चॅलेंजमधे "तीन राण्या" म्हणून पालथे पत्ते टाकताना आपण आधी काय बोललो होतो ते लक्षात ठेवायला लागतं, नाहीतर पकडले जातो. ब्लफचंही तेच, पहिल्या फेरीपासून तू जे करत आलास त्याच्याशी शेवटची उडी जुळली पाहिजे. फ्लॉपला चेक, टर्नला चेक आणि रिव्हरला तिसरा बदाम पडला म्हणून एकदम धडाम पैसे, यावर कोण विश्वास ठेवेल? उलट फ्लॉपला दोन बदाम असताना तू कॉल करत आलास आणि तिसरा बदाम पडल्यावर लावलेस, तर ते पटतं.

आगाऊ_कार्टा
अण्णा तुम्ही चेहरा कसा ठेवता?

ह्यूस्टनचे_अण्णा
आहे तसा. लोक चेहरा बघत नाहीत, किती वेळ लावतोस आणि चिप्सकडे कधी बघतोस ते बघतात. पत्ते उघडल्या उघडल्या आपल्या चिप्सवर नजर गेली की समजायचं ह्याला काहीतरी लागलंय. शेजारच्यांकडे तेच बघ.

फुलपात्र
काल परत बसलो. आता एक गणिताचा प्रश्न. माझ्या हातात दोन किलवर, मधे दोन किलवर, टर्न झाली, अजून एक किलवर आला की माझा फ्लश. पॉटमधे ३ डॉलर (म्हणजे राजमा), नवऱ्याने १ डॉलर लावला. मी कॉल करू की नको? मला नुसतं "वाटलं" म्हणून करायचं नाहीये.

सांख्यिकी_मावशी
शाब्बास, हाच प्रश्न विचारायचा असतो.
तेरा किलवर, चार दिसतायत, उरले नऊ. न दिसलेले पत्ते ४६. नऊ भागिले ४६, साडेएकोणीस टक्के. टेबलावर बसून भागाकार जमत नाही म्हणून लोक काय करतात, एक पत्ता यायचा असेल तर आपल्या उपयोगाच्या पत्त्यांना दोनने गुणायचं, दोन यायचे असतील (म्हणजे फ्लॉपला असाल आणि पुढे अजून पैसे भरावे लागणार नसतील) तर चारने. नऊ दुणे अठरा, जवळपास बरोबर. फ्लॉपला नऊ चोक छत्तीस, खरं उत्तर ३५.
आता दुसरी बाजू. तुला १ भरायचाय, पॉटमधे ३ अधिक त्याचा १ म्हणजे ४ आहेत. तू भरल्यावर ५. पाचातला एक तुझा, म्हणजे पाचातून एकदा तरी जिंकायला हवं, २० टक्के. तुझी शक्यता साडेएकोणीस. म्हणजे काठावर. पण किलवर लागल्यावर नवरा अजून थोडे पैसे देईल असं वाटत असेल तर कॉल. तोच त्याने १च्या ऐवजी ३ लावले असते तर तुला ३ भरून ९च्या पॉटमधून खेळायचं, तेहतीस टक्के हवेत, तेव्हा टाकून दे, कितीही जीव तुटला तरी.
हे कळलं की कळेल की समोरचा रक्कम कमीजास्त का लावतो. तो तुला एका पत्त्याची किंमत सांगत असतो.

नाना_वाईकर
मावशींचे गणित वाचले. शाळेत शिकवायला हरकत नाही, मात्र पैशाशिवाय.

सांख्यिकी_मावशी
नाना, राजम्यावर चालेल का? :)

नाना_वाईकर
राजम्यावर चालेल.

झब्बू_सम्राट
नाना विरघळले!! धागा सार्थकी लागला.
पण नाना, २०१९ला प्लुरिबस नावाच्या कॉम्प्युटर प्रोग्रॅमने सहा जणांच्या टेबलावर कसलेल्या व्यावसायिक खेळाडूंना हरवलं. नुसतं नशीब असतं तर प्रोग्रॅम लिहून काय उपयोग झाला असता? तुमच्या एका हातात नशीब, हजार हातांत डोकं, असं मला वाटतं. आणि २०१८ला आपली निकिता लूथर लास वेगासच्या वर्ल्ड सिरीज ऑफ पोकरमधे जोडीच्या स्पर्धेचं ब्रेसलेट (तिथलं विजेत्याचं बक्षीस) जिंकून आली, भारतातली पहिली बाई.

मांडवीकाठ
हजार हात टिकायला पैसे कोणाकडे असतात ते पण बघ रे. माझ्या ओळखीतले डोकंवाले बरेच आहेत, हजाराव्या हातापर्यंत पोचलेले नाहीत.

किलवरची_राणी
मांडवीकाठ +१, खिशाचं भान हे निम्मं पोकर आहे पण तो वेगळा धागा होईल.
फुलपात्र, टेबलावरच्या रीतीभाती सांगायच्या राहिल्या, हसं होतं ते इथेच, पत्त्यांत नाही.
पाळी आल्याशिवाय बोलायचं नाही, पॅक करणार हे नक्की असलं तरी नाही, कारण तुझ्या आधीच्याला ते कळून त्याचा फायदा होतो. वाढवायचं असेल तर आधी तोंडाने "रेज" म्हण आणि मग चिप्स एकदम पुढे कर. थोड्या टाकून समोरच्याचं तोंड बघून मग अजून टाकल्या तर त्या धरत नाहीत. आणि काही न बोलता एकच मोठी चिप टाकलीस तर तो कॉलच धरतात, रेज नाही. चिप्स पॉटमधे उधळायच्या नाहीत, आपल्या समोर नीट मांडायच्या, मोजता आल्या पाहिजेत. पॅक केल्यावर "अरे माझ्याकडे नव्वी होती!" असं डाव चालू असताना ओरडायचं नाही. जिंकणार हे माहीत असून उगाच ताटकळत ठेवून सावकाश पत्ते उघडणं हे सगळ्यात वाईट समजतात.
आणि महत्त्वाचं, नवरा बरोबर येणार असेल तर डाव चालू असताना मराठीत बोलू नका. अमेरिकेतल्या बहुतेक कार्डरूममधे हातात पत्ते असताना फक्त इंग्रजी असा नियमच असतो. घरी कोणी नियम काढणार नाही पण दोघं कुजबुजलात की पाच जण बघतील.

फुलपात्र
हे बरं सांगितलंत, आम्ही तर "टाक ना, टाक ना" करणारच होतो!
आता शेवटचा प्रश्न, खरंच शेवटचा. टीममधे दोघं-तिघं सारखे ऑल-इन करतात म्हणे, म्हणजे समोरचे सगळे पैसे एकदम लावतात. माझ्याकडे पाचच डॉलर उरलेत आणि समोरच्याने वीस लावले तर मला पर्स उघडावी लागणार का? तीन पत्तीत आम्ही मामाकडून उधार घ्यायचो.

ह्यूस्टनचे_अण्णा
नाही नाही. टेबलावर डाव सुरू होताना जेवढे आहेत तेवढ्यावरच खेळायचं, मधेच पर्स नाही, मामा नाही. पाच डॉलर असतील तर पाच घालून ऑल-इन, आणि शेवटपर्यंत डावात राहायचा हक्क तुझा. फक्त प्रत्येकाकडून तुला पाचच जिंकता येतील.
उदाहरण घे. तुझ्याकडे ५, जॉनकडे १२, मारियाकडे २०. तिघंही ऑल-इन. तिघांचे पाच-पाच म्हणजे १५चा मुख्य पॉट, त्यात तिघं. जॉनचे उरलेले ७ आणि मारियाचे त्याच्याशी जुळणारे ७, असा १४चा साइड पॉट, त्यात फक्त ते दोघं. मारियाचे वरचे ८ तिला लगेच परत, कारण ते जुळवायला कोणी नाही. आधी साइड पॉटचा निकाल लावायचा, जॉन आणि मारिया दोघांपैकी ज्याचा हात चांगला त्याला १४. मग मुख्य पॉट, तुझा हात दोघांपेक्षा चांगला असेल तर १५ तुझे. म्हणजे मारिया तुझ्याशी हरून सुद्धा जॉनचे पैसे घेऊन जाऊ शकते. चिप्सचे दोन ढीग खरोखर वेगळे करून ठेवा, एकत्र झाले की मग रात्री बारा वाजता कोणाचं किती ते कोणालाच सांगता येत नाही.

आगाऊ_कार्टा
आणि पॉट दोघांत वाटायचा असेल आणि एक चिप जास्त उरली तर?

किलवरची_राणी
बटनच्या डावीकडून मोजत गेलं की वाटेकऱ्यांपैकी जो आधी येतो त्याला.